सिंगल माल्ट कुठली घेऊ? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढ लागला की पहिला फोन येतो, "गटारीला व्हिस्कीची एखादी बरी बाटली सांग." मग गणपतीआधी दुबई-मस्कतहून निघालेल्यांचे मेसेज, आणि डिसेंबरात होमस्टेवाल्यांचे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. मी दुकानदार नाही. स्वतःच्या पैशाने बाटल्या घेतल्या, त्यांतल्या काही चुकल्या, त्यातून जे कळलं ते हे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. सिंगल माल्ट म्हणजे नक्की काय? ब्लॅक लेबल सिंगल माल्ट नाही का?

नाही. ब्लॅक लेबल ही ब्लेंडेड स्कॉच. बऱ्याच डिस्टिलरींच्या (दारू गाळण्याच्या कारखान्यांच्या) माल्ट व्हिस्की आणि गहू-मक्यासारख्या धान्याची हलकी ग्रेन व्हिस्की एकत्र करून ती बनते. 'सिंगल' म्हणजे एकाच डिस्टिलरीतली. 'माल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. मटकीला आणतो तसेच मोड, फक्त ते वेळीच भट्टीत वाळवून थांबवतात. दुसरं धान्य घालायचं नाही, पॉट स्टिल नावाच्या भांड्यात गाळायची, स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं ठेवायची आणि बाटलीत भरताना अल्कोहोल ४० टक्क्यांखाली न्यायचं नाही. हे सगळं २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांत आहे.

'सिंगल'चा अर्थ 'एकाच पिंपातली' असा काही जण घेतात, तो चूक. ग्लेनफिडिचच्या एका बाटलीत कितीतरी पिंपांतला माल असतो, फक्त ती सगळी पिंपं ग्लेनफिडिचची. एकाच पिंपातली असेल तर लेबलवर 'सिंगल कास्क' येतं. आणि मधली एक जात आहे, 'ब्लेंडेड माल्ट': मंकी शोल्डर, जॉनी वॉकर ग्रीन लेबल. सगळी माल्टच, पण अनेक डिस्टिलरींची. तिला कमी लेखू नका. ग्रीन लेबल १५ वर्षांची आहे आणि बऱ्याच सिंगल माल्टपेक्षा मला ती जास्त आवडते.

२. बाटलीवर 'भारतात बाटलीबंद' लिहिलंय. ती सिंगल माल्ट स्कॉच असू शकते का?

असू शकत नाही. नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. ब्लेंडेड स्कॉचला हे बंधन नाही. ती मोठ्या टाक्यांतून येऊन इथे भरली जाते आणि त्यात खोटं काही नसतं. आयातदाराचं नाव आणि एमआरपी असलेलं स्टिकर मात्र प्रत्येक आयात बाटलीवर असायलाच हवं, त्याने बिचकू नका. भारतात तयार होणाऱ्या सिंगल माल्टची गोष्ट वेगळी, ती प्रश्न १८ मध्ये.

३. पहिलीच बाटली घ्यायची आहे. कुठली घेऊ?

मी उलट विचारतो, आजवर काय प्यायलात आणि त्यात काय आवडलं? कारण 'सगळ्यात चांगली' असं काही नसतं, आणि जिभेला आधीच सवय असलेल्या वाटेनं गेलात तर पैसे वाया जात नाहीत.

ब्लॅक लेबल पिताना घशाशी जो हलका धूर रेंगाळतो तो आवडत असेल, तर टॅलिस्कर १०. ओल्ड मंकवर वाढलेला माणूस असाल आणि मनुका-गुळासारखा गोडवा हवा असेल, तर शेरीच्या पिंपातली ग्लेनड्रोनॅक १२, किंवा जरा मवाळ हवी असेल तर बॅल्व्हेनी डबलवुड १२. जड काही नको, उन्हाळ्यात गच्चीवर बसून प्यायची आहे, तर ग्लेनमॉरेंजी नाहीतर ग्लास्गोजवळची ऑखेनटॉशन १२. ऑखेनटॉशन तीनदा गाळतात, बाकीच्या बहुतेक दोनदा, त्यामुळे ती हलकी उतरते.

आता खरी अडचण. तालुक्याच्या वाइन शॉपमध्ये यांतलं निम्मं मिळत नाही. तिथे हमखास दोन नावं असतात, ग्लेनफिडिच १२ आणि ग्लेनलिव्हेट १२. दोन्ही स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या, दोन्ही फळांच्या अंगाने जाणाऱ्या, दोन्ही निर्धोक. पहिलीत सफरचंद-पेअर, दुसरीत किंचित अननस. यांतली कुठलीही एक घ्या, पण दोन्ही एकदम घेऊ नका. तो हापूस-पायरीचा फरक नव्हे, एकाच बागेतले दोन हापूस आहेत.

हातात दोन बाटल्यांचे पैसे असतील तर १८ वर्षांची एक महागडी घेण्यापेक्षा एकमेकींपासून लांबच्या दोन घ्या. एक फळांची, एक धुराची. शेजारी शेजारी ठेवून अर्धा-अर्धा पेग घेतलात की आपल्याला काय आवडतं ते एका संध्याकाळी कळतं. शक्य असेल तर त्याआधी परमिट रूममध्ये तीसचा एक पेग मागवून बघा. महाग वाटेल, पण न आवडलेल्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतो.

४. स्पेसाइड, हायलँड, लोलँड हे बघून घ्यावी का?

दिशा कळते, त्याहून जास्त नाही. कायद्याने पाच प्रदेश आहेत: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्बलटाउन. स्काय, ऑर्कनी ही बेटं कायद्याने हायलँडमध्येच मोडतात, दुकानदार काहीही म्हणो. डिस्टिलरींची सर्वांत दाट वस्ती स्पे नदीच्या खोऱ्यात.

आपल्याकडे देवगड की रत्नागिरी हा वाद जसा आहे तसंच समजा. मातीचा फरक असतो, पण बागायतदाराचा त्याहून मोठा असतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, स्कॉचलाही ते भारतात आहे. पण मानांकन कुठे बनली ते सांगतं, तुम्हाला आवडेल का ते नाही. आयलातल्या बुनाहावन १२ मध्ये धूर जवळपास नसतो आणि हायलँडच्या आर्डमोरमध्ये असतो. नकाशावर भरवसा ठेवून घेतलीत तर दोन्हीकडे फसाल.

५. मित्राने धुराची पाजली. टिंक्चर आयोडीनचा वास आला. लोक हे पैसे देऊन पितात?

पितात, आणि काही जण नंतर दुसरं काही पीत नाहीत.

अशा व्हिस्कीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बेटाचं आधी नाव नीट घ्या. इंग्रजी स्पेलिंग वाचून लोक 'इस्ले' म्हणतात, उच्चार 'आयला' आहे. लफ्रॉइगचा पहिला घोट घेतल्यावर आपला माणूस तोंडातून जे काढतो, नेमकं तेच.

मोड आलेला सातू वाळवायला तिथे पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठून घट्ट झालेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पती. खणून, विटांसारखे तुकडे पाडून वाळवतात. ज्या बेटांवर झाडं फार नव्हती तिथे हेच सरपण होतं. त्याच्या धुरातली फिनॉलं, म्हणजे धुराचा वास देणारी द्रव्यं, दाण्याला चिकटतात आणि थेट बाटलीपर्यंत येतात. दवाखान्याच्या वासाचं कारण हेच, जुनी जंतुनाशकं त्याच कुळातली.

किती धूर ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असं, मोजतात. आर्डबेगचा माल्ट ५५ च्या आसपास, बोमोरचा २५ च्या. पण हा आकडा सातूचा आहे, ग्लासातला नाही. गाळताना आणि पिंपात त्यातला बराच भाग जातो. तेव्हा आकड्यावर जाऊ नका.

कोकणातल्या माणसाला हा वास परका वाटू नये, असं माझं मत. चुलीच्या निखाऱ्यावर सुका बांगडा भाजताना स्वयंपाकघरात जे भरून राहतं, खारट, करपट, तेलकट, ते आठवा आणि मग ग्लास नाकाशी न्या. माझी आत्या दारूच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, पण लॅगाव्हुलिनचा रिकामा ग्लास विसळायला घेतला आणि म्हणाली, "सुकट कुणी भाजली रे?"

चढण टप्प्याटप्प्याने करा: आधी टॅलिस्कर किंवा बोमोर १२, मग कल-ईला, मग लॅगाव्हुलिन १६, आणि लफ्रॉइग-आर्डबेग शेवटी. टीचर्स प्यायला असाल तर पहिली पायरी न कळत चढलात, तिच्या मुळाशी आर्डमोरच आहे.

६. बर्बन कास्क, शेरी कास्क हे जाहिरातीचे शब्द आहेत का?

नाहीत. लेबलवर वाचायची सगळ्यात कामाची ओळ तीच. गाळून निघते तेव्हा व्हिस्की पाण्यासारखी असते, रंग आणि निम्म्याहून जास्त चव लाकडातून येते.

अमेरिकेत बर्बन ही तिथली व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात भरावी लागते, तसा कायदा आहे. एकदा वापरलेली पिंपं मग स्कॉटलंडला जातात. त्यांतून व्हॅनिला येतो, मध येतो आणि नारळ येतो. नारळ मी कोकणातला म्हणून म्हणत नाही. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, त्यांचा वास खरोखरच खोबऱ्याच्या वडीसारखा येतो. शेरी ही स्पेनच्या हेरेस भागातली वाइन. तिची पिंपं सुकामेवा देतात: काळा खजूर, मनुका, अक्रोड, कधी संत्र्याची साल. 'डबल' किंवा 'फिनिश' लिहिलं असेल तर आधी एका पिंपात आणि शेवटचा काळ दुसऱ्यात.

७. १२ ची घेऊ की १८ ची? जुनी तेवढी चांगली ना?

जुनी तेवढी महाग, हे नक्की. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, त्याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. हिशेब केलात तर १२ वर्षांत पाचवा हिस्सा गेला आणि १८ वर्षांत तीस टक्के. शिवाय तेवढी वर्षं गोदाम अडलेलं. तुम्ही या दोन्हींचे पैसे देता.

चव वेगळी होते, ती तुमच्या दृष्टीने चांगली होतेच असं नाही. लाकूड चढतं, धार जाते, आणि धुराच्या व्हिस्कीत तर धूरच मावळतो. मी एकदा मेव्हण्यासाठी हौसेनं १८ वर्षांची नेली. त्याने तिच्यात कोला ओतला, वर म्हणाला, "भावजी, जरा फिकी वाटते." त्यात त्याची चूक नव्हती, माझी होती.

लेबलवरचं वय आतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं असतं. आणि बाटलीत गेल्यावर वय वाढत नाही. आजोबांनी वीस वर्षं कपाटात ठेवलेली १२ ची आजही १२ चीच.

८. वयच लिहिलेलं नाही. फसवणूक आहे का?

फसवणूक नाही, पण डोळे उघडे ठेवा. आर्डबेग उगेडाल आणि लफ्रॉइग क्वार्टर कास्क यांच्यावर वय नाही आणि दोन्ही उत्तम आहेत. उलट बाजूला नुसतं गेलिक नाव, सोनेरी डबा आणि १५ वर्षांच्या बाटलीचा भाव असाही माल असतो. वय नसेल तर बाकी काय लिहिलंय ते बघा. पिंप कुठलं, किती टक्के अल्कोहोल, थंड करून फिल्टर केली आहे का (प्रश्न १०). यांतलं काहीच नसेल आणि डबाच तेवढा भारी असेल तर पुढच्या फळीकडे वळा.

९. गडद रंगाची म्हणजे जास्त मुरलेली का?

रंगावर जाऊ नका. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या तो घालतात. जर्मनीत तसं लेबलवर लिहावं लागतं. 'नॅचरल कलर' लिहिलं असेल तर रंग पिंपातला. आर्डबेग १० गवतासारखी फिकी असते, तिला दुबळी म्हणून दाखवा.

१०. ४० टक्के, ४३, ४६ यांत काय फरक? कास्क स्ट्रेंग्थ घ्यावी का?

४० वर बऱ्याचदा कंपनीने पाणी तुमच्या वाटचं आधीच घातलेलं असतं. दोन सारख्या बाटल्यांत भाव जवळपास असेल तर ४६ वाली घ्या. नुसत्या जोरासाठी नव्हे, तर ४६ किंवा वर असली की बहुतेक वेळा ती थंड करून गाळलेली (फिल्टर केलेली) नसते. त्या गाळण्यात तेलकट, भरीव चव देणारा भाग निघून जातो. लेबलवर 'नॉन-चिल-फिल्टर्ड' शोधा.

कास्क स्ट्रेंग्थ म्हणजे पिंपातून निघाली तशी. ग्लेनफार्क्लस १०५ ही ६० टक्के आहे. ती नेहमीच्या मापाने ओतू नका. दोन तृतीयांश ओता, पाणी घाला, बाटली दीडपट पुरते, आणि तसा हिशेब केला तर भावही तितका टोचत नाही.

११. पाणी घालू, सोडा की बर्फ? 'नीट', म्हणजे काही न मिसळता नुसतीच प्यावी म्हणतात.

बाटली तुमची, मत तुमचं. मी पहिला घोट नुसता घेतो, मग चमचाभर पाणी. पाण्याने वास खुलतो, हे खरं आहे. सोड्यात फळांची व्हिस्की छान लागते, शेरीची वाया जाते. मे महिन्यात घरातच ३४ अंश असतात, तेव्हा एक मोठा बर्फाचा खडा टाकला म्हणून कुणी तुमचा पाट काढून घेत नाही.

पाणी कुठलं ते मात्र बघा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ, चांगलं. पण बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ते लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून रंग काळपट-हिरवा करतं. एका मित्राकडे चांगली बॅल्व्हेनी डोळ्यांदेखत शाईसारखी झाली आणि आम्ही दुकानदाराला शिव्या घालत बसलो. दुसऱ्या ग्लासात बाटलीबंद पाणी घातलं, काही झालं नाही.

१२. बर्फ टाकल्यावर गढूळ झाली. नकली आहे का?

काळपट झाली असेल तर प्रश्न ११. दुधाळ, धुकट झाली असेल तर बहुतेक करून चांगली खूण आहे. थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीत तेलकट द्रव्यं राहतात, पाण्याने किंवा थंडीने ती साकळतात. नारळाचं तेल थंडीत थिजतं, साधारण तसंच. चवीला काही होत नाही.

१३. मासळीबरोबर कुठली चालेल?

रश्शाबरोबर कुठलीच नको. मालवणी मसाल्याचा तिखटपणा आणि ४० टक्के अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, तोंडात आगच उरते. सोलकढीचा आंबटपणाही व्हिस्कीची चव मारतो. त्या जेवणाला बिअर, आणि माल्ट जेवणाआधी किंवा मागाहून.

आधी म्हणजे सुक्याबरोबर. मीठ-हळद आणि अगदी जराशा तिखटात रव्यात तळलेली सुरमई आणि टॅलिस्कर ही माझ्यालेखी या किनाऱ्यावरची सगळ्यात सुंदर जोडी. स्काय बेटावर डिस्टिलरी समुद्राकाठी आहे, व्हिस्कीत मिरी आणि खारटपणा आहे, बाकी काम सुरमई करते. तिसऱ्या नुसत्या वाफवून, वर ओलं खोबरं भुरभुरून, बरोबर बोमोर. तळलेले बोंबील नाजूक, त्यांना धूर झेपत नाही, ग्लेनमॉरेंजी द्या.

आयलात कालवाच्या शिंपल्यात व्हिस्की ओतून कच्चं कालव गिळतात. तो प्रयोग आपल्या खाडीतल्या कालवांवर करू नका. आपल्याकडे ती शिजवूनच खातात, ते शहाणपणाचं आहे. कालवं तव्यावर परतून घ्या, व्हिस्की ग्लासातच ठेवा.

मागाहून प्यायची असेल तर शेरीची काढा. बरोबर फणसपोळीचा तुकडा किंवा भाजलेले काजू. आंबापोळीही चालते, पण साखर न घातलेली हवी.

१४. बांद्यापलीकडे गोव्यात निम्म्या भावात मिळते. दोन बाटल्या गाडीत घालून आणल्या तर?

महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. गोव्यातल्या दुकानाची पावती इथे परवाना ठरत नाही, आणि बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं बहुधा छापलेलंच असतं. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात, महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली गुन्हा दाखल होतो आणि बाटलीबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. "दोनच तर आहेत" हे वाक्य तिथल्या शिपायाने दिवसातून चाळीस वेळा ऐकलेलं असतं. गोव्यात घ्या, गोव्यातच प्या, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

हेही सांगून टाकतो. महाराष्ट्रात स्वतःच्या घरात ठेवून प्यायलाही परवाना लागतो. एका दिवसाचा दुकानात मिळतो, वर्षाचा आणि आजीवनही आहे. आणि बिअर-वाइन सोडून बाकी दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, १८ किंवा २१ नाही.

१५. भाऊ दुबईहून येतोय. ड्यूटी फ्रीमधून कुठली सांगू?

इथल्या दुकानात न मिळणारी सांगा. ग्लेनफिडिच १२ आणायला लावलीत तर संधी वाया घालवलीत. लॅगाव्हुलिन १६, ग्लेनड्रोनॅक, आर्डबेग असलं काही. तिथे 'फक्त प्रवाशांसाठी' म्हणून वेगळ्या नावाच्या लिटरच्या बाटल्याही असतात. त्यांतल्या पुष्कळ बिनवयाच्या आणि ४० टक्क्यांच्या असतात, तेव्हा प्रश्न ८ वाचून मगच.

माणशी २ लिटरपर्यंत जकात नाही. म्हणजे लिटरच्या दोन. भारतात उतरल्यावरही विमानतळावर घेता येते, पण ती परदेशातून येणाऱ्यालाच. मुंबईहून गोव्याच्या मोपा विमानतळावर आलेल्या माणसाला ती मिळत नाही, तेव्हा त्याला उगाच गळ घालू नका. मुंबईला उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल तर बाटल्या हातातल्या बॅगेत अडतात, त्या चेक-इन सामानात घालायला सांगा. कपड्यांत गुंडाळून, बुचाला टेप लावून. पावती सांभाळा.

१६. एक जण 'बोटीवरचा माल' घरपोच देतो. घ्यावा का?

नाही. किनाऱ्यावर ही गोष्ट आमच्या आजोबांच्या काळापासून चालू आहे: कुणाचा तरी कुणीतरी जहाजावर आहे, कस्टममधून सुटलंय, सील बघा. सील बघून काही कळत नाही. खरी रिकामी बाटली, खरा डबा आणि आत साधी व्हिस्की, एवढंच लागतं. एकदा मीही घेतली. बुचाला ओरखडा होता तो दिसला, पण स्वस्ताईपुढे डोळे झाकले. आत काय होतं देव जाणे, धूर तर सोडाच, सातूही नव्हता. परवानाधारक दुकान, छापील एमआरपी, आयातदाराचं स्टिकर आणि बिल. यांतलं एक नसेल तर परत फिरा.

१७. गटारीला उघडली, श्रावणात बंद. गणपती होईपर्यंत टिकेल का?

टिकेल. व्हिस्की वाइनसारखी नासत नाही. पाऊण भरलेली बाटली वर्षभर तरी बिनघोर राहते. तळाशी थोडीच उरली असेल तर आतली हवा हळूहळू चव बोथट करते, तेव्हा ती छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.

आपला शत्रू हवेपेक्षा पाऊस. बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातं. उन्हात नको, आणि कौलांखाली माळ्यावर तर नकोच, मे महिन्यात तिथे भट्टी असते. लाकडी कपाटात डब्यासकट ठेवली तर जुलैअखेर डब्यावर पांढरी बुरशी आणि लेबलाला कसर. चवीला फरक नाही, पण कुणाला भेट द्यायची असेल तर लाज जाते. मी डबा काढतो, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतो आणि गोदरेजच्या कपाटात, कागदपत्रांच्या शेजारी ठेवतो. बूच महिन्यातून एकदा ओलं होईल इतपत बाटली तिरकी करायची. नाहीतर नेमकं पाहुण्यांसमोर ते अर्धं तुटतं. तुटलंच तर चहाच्या गाळणीतून गाळून घ्या.

१८. गोव्यात सिंगल माल्ट बनते म्हणे. ती स्कॉचच्या तोडीची आहे का?

स्कॉच म्हणता येणार नाही, सिंगल माल्ट नक्की म्हणता येईल. पॉल जॉन कुंकळ्ळीला बनते, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर. बंगळूरच्या अमृतने २००४ मध्ये ग्लास्गोत जाऊन आपली माल्ट विकायला काढली तेव्हा लोक हसले होते. आता हसत नाहीत.

गंमत हवेची आहे. स्कॉटलंडमध्ये वर्षाला २ टक्के उडतं, तर गोव्याच्या उकाड्यात ८ च्या आसपास. म्हणजे इथे ५ वर्षांत पिंपातून जेवढं जातं तेवढं जायला तिथे २० वर्षं लागतात. याचा अर्थ आपली ५ वर्षांची त्यांच्या २० च्या बरोबरीची असा नाही. लाकूड पटकन चढतं, पण हळू मुरल्याने येणारी नजाकत उकाड्याने येत नाही. म्हणूनच आपल्या बाटल्यांवर बहुधा वय नसतं. ४६ टक्क्यांची पॉल जॉन ब्रिलियन्स त्याच पैशांतल्या बऱ्याच १२ वर्षांच्या स्कॉचपेक्षा भरीव वाटते. ज्यांना प्रश्न ३ मधलं काहीच मिळत नाही त्यांनी हिच्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही. ती गोव्यातून आणायचा विचार असेल तर प्रश्न १४.

१९. ब्रिटनशी करार झालाय, भाव उतरणार म्हणतात. थांबू का?

करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्यानुसार स्कॉचवरची १५० टक्के सीमाशुल्काची पट्टी आधी ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं. पण हे शुल्क आयातीच्या किमतीवर असतं. एमआरपीत त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, आयातदार, दुकानदार सगळे बसलेले असतात. तेव्हा शुल्क निम्मं म्हणजे बाटली निम्मी असं समजू नका. राज्य काय करतं त्याने आपल्याला जास्त फरक पडतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा भाव खरोखर दिसण्याइतका उतरला होता. गटारीची बाटली करारासाठी अडवून ठेवू नका. चार पेट्या घ्यायच्या असतील तर थांबा.

२०. वडिलांची एकसष्टी आहे. त्यांच्या जन्मसालाची बाटली मिळेल का?

जगात मिळेल, किमतीत घराची डागडुजी होईल. गुंतवणूक म्हणून घेऊ का, असंही विचारतात. ज्या देशात खाजगी माणसाला बाटली उघडपणे परत विकता येत नाही तिथे कसली गुंतवणूक? वडिलांना जे आवडतं त्याच्या एक पायरी वरची घ्या: ग्लेनलिव्हेट पीत असतील तर तिचीच १५ किंवा १८. भेटीच्या दिवशी नवीन चवीचे धडे नकोत.

२१. रिकाम्या बाटलीचं काय करू? दिसायला छान असते.

लेबल फाडल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका, आणि डबा तर नाहीच. प्रश्न १६ मधला माल तिथूनच सुरू होतो. पाण्यात रात्रभर भिजवली की लेबल निघतं.

आमच्याकडे धुऊन त्यांत कोकमाचं आगळ भरतात, रंगही शेरी कास्कला साजेसा. गेल्या मे महिन्यात एकीचं लेबल काढायचं राहिलं. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी रात्री सगळे झोपल्यावर फळीवरून ती काढली आणि साठचा घेतला. सकाळी कुणीच काही बोललं नाही, पण चहाच्या आधी त्यांनी दोन तांबे पाणी प्यायलं आणि आई बाटलीची पातळी बघून हसली.